खोली खाली करायचा दिवस

बनाबाई खोली सोडणार हे मला बनाबाईंनी सांगितलं नाही, टेम्पोवाल्याने सांगितलं. सोमवारी लोहाऱ्याच्या स्टँडवर चहा पीत उभा होतो, तर इंद्रजित टेम्पोवाला म्हणाला, "आप्पा, शनवारी तुमच्याच दारात येनार हाय. तुमच्या किरायदार बाईंचं सामान धाराशिवला टाकायचंय. गाडी अंगनात घालू का भाईर रोडवर लावू?"

मी म्हणालो, "लाव कुठंबी." आणि अर्धा चहा तसाच ठेवून घरी आलो. पैसे देऊन घेतलेला चहा अर्धा ठेवणारा माणूस मी नव्हे, हे स्टँडवर कुणालाही विचारा.

मी सोमलिंग. वय एकाहत्तर. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, त्यात कान अर्धे गेले, मग गिरणी विकली. बायको प्रेमा जाऊन चौदा वर्षं झाली. मुलगा श्रीशैल पुण्याला असतो, दर रविवारी फोनवर "जेवलात का?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत "बरं बरं" म्हणतो. आता मला घरमालक एवढाच धंदा उरलाय. भूकंपानंतर दगडी भिंतींची धास्ती बसली होती, तेव्हा आधी विटांच्या भिंती आणि वर हलका पत्रा अशा दोन खोल्या बांधून त्यात राहिलो. भीती ओसरल्यावर अंगणाच्या अलीकडे स्लॅबचं घर बांधलं आणि पत्र्याच्या खोल्या किरायाने दिल्या. त्या खोल्यांत गेली बारा वर्षं दहा महिने बनाबाई आणि त्यांची मुलगी श्रावस्ती राहत होत्या.

आणि शनिवारी आमचा खोली खाली करायचा दिवस होता. चौदावा.

हा दिवस कुठून आला ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या वडिलांची अणदूरला सहा एकर जमीन होती, ती कुळाकडे गेली. कुळाने चोरी केली नव्हती. तो कसत होता, कायद्याने त्याची झाली. पण वडील मरेपर्यंत "कूळ लागलं" हे शब्द शिवीसारखे वापरायचे. आमच्या ओट्यावर कुणी जरा जास्त वेळ टेकलं तरी म्हणायचे, "उठवा त्याला, कूळ लागंल." ती भीती शेताबरोबर गेली नाही, माझ्या वाट्याला आली.

बनाबाईंच्या आधी खोल्यांत एक बँकेचा कॅशियर होता. अडीच वर्षं राहिला आणि सोड म्हटलं तर सोडेना. महिनाभर माझ्या तोंडचं पाणी पळवून मग गेला. मी तडक तहसील कचेरीसमोरच्या रामहरी बाँडरायटरकडे गेलो. तो म्हणाला, "आप्पा, अकरा महिन्यांचा करार करायचा. मुद्दत संपली की एक दिवस खोली खाली करून घ्यायची. सामान भाईर, कुलूप तुमचं. दुसऱ्या दिवशी नवा करार. मग कूळ लागायचं नावच न्हाय."

मला ते एकदम पटलं. पटणारच, वडिलांचा मुलगा ना मी.

त्यानंतर सात महिने खोल्या रिकाम्या होत्या. मग एके दिवशी श्रावस्ती दारात आली. सरकारी दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागली होती, सोबत आई होती. तोवर तिने गावात नऊ घरं बघितली होती. नुसतं नाव सांगेपर्यंत खोली असायची, आडनाव सांगितलं की नसायची. मीही आडनाव विचारलं. तिने सांगितलं आणि वर म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत. आत्ताच सांगते, नंतर पुन्हा सामान उचलायला नको."

मी फार मोठ्या मनाचा माणूस आहे असं कुणी समजू नये. खोल्या सात महिने रिकाम्या होत्या, आणि पोरगी नजर न चुकवता बोलत होती. मी किल्ली दिली. शेजारचा शिवलिंग दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचं बोलणं ऐकण्यापेक्षा ते बरंच होतं.

अकरा महिने झाले तेव्हा मी अंगणातूनच सांगितलं, "बनाबाई, उद्या एक दिवस खोली खाली करावी लागंल. कायदा हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् आमी कुठं जायाचं?"

"कुठं म्हंजे? माझ्या घरात. एका दिवसाचा तर सवाल हाय."

सकाळी ट्रंक, ज्वारीचं पोतं, गॅस, भांडी असं सगळं अंगण ओलांडून माझ्या घरात आलं. शेवटी बनाबाईंनी पदरात धरून बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आणला. मी फळीवरचा बसवेश्वरांचा फोटो जरा सरकवून जागा केली. मग वाटलं, खोल्या दिवसभर मोकळ्याच आहेत तर जरा नीट करून घ्याव्या. रंगारी लिंबाजीला बोलावून भिंतींना चुना मारून घेतला. शहाबादी फरशी मी स्वतः घासली, सोडा टाकून, खराट्याने, वरून फिनेलचं पाणी. कॅशियरसाठी मी हे कधी केलं नव्हतं. त्याच्यासाठी मी बल्ब बदलला नसता. पण या दोघींनी दारात तुळस लावली होती, खिडकीला पडदा केला होता, खोल्यांना रया आणली होती. म्हटलं, आपणही काही करावं.

त्या संध्याकाळी बनाबाईंनी माझ्या स्वयंपाकघरात येसराची आमटी केली आणि ज्वारीच्या भाकरी थापल्या. मला ताट वाढून त्या दाराशी उभ्या राहिल्या. मी पहिला घास खाऊन होईस्तोवर हलल्या नाहीत. मला वाटलं, मीठ बरोबर आहे का ते बघतायत. मी म्हणालो, "झकास." तेव्हा आत गेल्या.

प्रेमा गेल्यापासून मी भात-पिठलं करून दिवस ढकलत होतो. त्या दिवशी घरात कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी डबे वाजवत होतं, आई-लेकी कशावरून तरी हुज्जत घालत होत्या. माझे कान अर्धे, तरी मला सगळं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सामान परत गेलं, रामहरीने नवा करार लिहिला आणि घर पुन्हा गप्प झालं. मी मनाशी महिने मोजले. अकरा.

तेव्हापासून माझे सगळे सण एका बाजूला आणि हा दिवस एका बाजूला. रमजानसारखा तो दर वर्षी अलीकडे सरकायचा. एकदा भर उन्हाळ्यात आला, एकदा पोळ्याला, एकदा येळवस अमावस्येच्या आदल्या दिवशी. आठ दिवस आधी मी चुन्याची फक्की आणून ठेवायचो. स्वयंपाकघरातले डबे पुसून घ्यायचो. नवा शर्ट घालायचो आणि सामान उचलताना तो मळवायचो. एरवी काय, अंगणाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला त्या. त्या मिरच्या वाळत घालायच्या, मी पेपर वाचायचो. "आज ऊन लई हाय," मी म्हणायचो. "व्हय की," त्या म्हणायच्या. विधुर माणसाने विधवा बाईच्या दारात जाऊन बसायचं कसं? गाव काय म्हणेल? आणि त्यात शिवलिंगसारखा शेजारी. पण खाली करायच्या दिवशी बोलायला कुणाला जागा नव्हती. त्या दिवशी कायदा होता.

नवव्या दिवसाच्या आधी काय झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रामहरीने धंदा बंद केला होता, करार आता कंप्युटरवर होऊ लागले होते, म्हणून मी कृष्णराज वकिलाकडे गेलो. चुणचुणीत पोरगा. मी खाली करायच्या दिवसाची तारीख सांगितली तर हसायला लागला.

"आप्पा, कुळाचा कायदा शेताला असतो. खोलीला कशाचं कूळ लागतंय? करार नोंदवा, संपला की नवा करा. एका दिवसासाठी बिचाऱ्यांचं बिऱ्हाड कशाला हलवता?"

मी म्हणालो, "रामहरी तर म्हणायचा..."

"रामहरीकाकांनी दर अकरा महिन्यांनी नवा बाँड लिहिला ना? त्यांच्या धंद्याला ते बरोबरच होतं."

घरी येताना ठरवलं होतं, बनाबाईंना सांगून टाकायचं. अंगणात पाऊल टाकलं तर वास आला. त्या येसराचा मसाला भाजत होत्या. नऊ दिवसांवर आलेल्या दिवसासाठी. मला म्हणाल्या, "आप्पा, औंदा जरा जास्तच करते, तुमाला डब्यात ठिवाय व्हईल."

मी गप्प बसलो. नंतरही गप्पच बसलो. त्यानंतर पाच वेळा त्या दोघींनी सगळं बिऱ्हाड उचलून माझ्या घरात आणलं, दुसऱ्या दिवशी परत नेलं, आणि त्याची काडीची गरज नव्हती हे फक्त मला ठाऊक होतं. बनाबाई साठ ओलांडून गेल्या होत्या, गुडघे धरून बसायच्या. मी म्हणायचो, "ट्रंक राहू द्या, मी उचलतो." लबाडीसुद्धा मी प्रेमाने करत होतो, असं मला वाटायचं.

तर सोमवारी टेम्पोवाल्याकडून कळलं. संध्याकाळी श्रावस्ती ड्युटीवरून आली ती थेट माझ्याकडेच आली. तिची बदली धाराशिवला झाली होती, तिथे तिने कर्ज काढून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता आणि ताबा अचानक मिळाला होता. "आप्पा, मीच सांगणार होते," ती म्हणाली. "आई म्हणाली, नाहीतरी शनिवारी खोली खाली करायचीच आहे, तर एकदाच करू."

"बरोबर हाय," मी म्हणालो. "चांगलं झालं पोरी. सोताचं घर ते सोताचं घर." आणि ती गेल्यावर दार लावून खुर्चीत बसलो. दिवा लावायचंही सुचलं नाही.

पाच दिवस मी एक वाक्य जुळवत होतो. श्रावस्तीला जाऊ द्या, बनाबाई, तुम्ही इथंच राहा. किराया नको. खोलीत नको, घरात राहा. गाव बोलेल ते बोलू दे, मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे, गाव आणखी किती वर्षं बोलणार? हे वाक्य मी दाढी करताना म्हटलं, झाडांना पाणी घालताना म्हटलं. म्हणताना दर वेळी माझंच मला हसू यायचं आणि दर वेळी वाटायचं की त्या हो म्हणतील. तेरा वेळा त्यांनी माझ्या घरात चूल मांडली होती. माणूस उगाच इतक्या मायेने वाढत नाही.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखा उठलो आणि सवयीने बादली, सोडा, फिनेल आणि खराटा खोलीच्या दाराशी नेऊन ठेवला. लिंबाजीला नको म्हणून सांगितलं होतं, पण हात आपलं काम विसरत नाहीत. इंद्रजितने टेम्पो रस्त्यावर लावला. सामान या वेळी माझ्या घराकडे वळलं नाही, फाटकातून बाहेर गेलं. श्रावस्ती गाडीपाशी उभी राहून काय कुठे ठेवायचं ते सांगत होती. मी खोलीत गेलो. बनाबाई मोकळ्या खोलीत एकट्या उभ्या होत्या, हातात किल्ली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "ठिवली का बादली आनून? आमी गेल्यावर धुवा की आप्पा. येवढी कसली घाई?"

बारा वर्षांत त्या माझ्याशी या आवाजात बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, जाण्याचं दुःख आहे, माणूस चिडतो. म्हटलं, आता खरं बोलून टाकावं, म्हणजे पुढचं वाक्य सोपं जाईल.

"बनाबाई, एक गुन्हा झालाय माझ्याकडून. खोली खाली करायची गरजच नव्हती. रामहरीनं मला चुकीचं सांगितलं व्हतं. वकिलानं मला पाच वर्षांमागंच खुलासा केला. तुमचं सामान मी उगंच हलवीत ऱ्हायलो."

"गरज न्हवती तर मग कशाला?"

"तुमी घरात यावं म्हणून," मी म्हणालो. बोललो आणि कानशिलं तापली. "तेवढा एक दिवस घर भरल्यावानी वाटायचं."

त्यांनी पुन्हा बादलीकडे पाहिलं. मग विचारलं, "आन् धूत कशाला व्हता?"

"काय?"

"खोली. आमी भाईर पडलो की लगीच. सोडा टाकून. फिनेल टाकून. चुना मारून. त्या बँकवाल्याला कदी खाली करायला लावली न्हाय, कदी धुतली न्हाय. शेजारनीनं मला पयल्याच वर्साला सांगितलं. मंग आमचीच कशाला धूत व्हता?"

मला कळायला वेळ लागला. गिरणीत पट्टा तुटला तरी जातं थोडा वेळ फिरत राहतं, तसा मी अजून आधीच्याच बोलण्यात होतो. मग कळलं आणि भिंतीला हात टेकावा लागला. भिंत माझ्याच चुन्याची.

"बनाबाई, ते... तुमाला सोच्छ खोली मिळावी म्हणून व्हतं. तुमच्यासाठी व्हतं."

"म्या समजत व्हते, इटाळ धुता."

"मी? मी तुमच्या हातचं जेवत व्हतो की!"

"त्येच तर," त्या म्हणाल्या. "पयल्या दिशी म्या दाराशी हुबी ऱ्हाऊन बगितलं, खातो का न्हाय म्हनून. तुमी खाल्लं. म्हनलं, मानूस बरा हाय. आन् भाईर बगते तर फरशी घासून ठिवल्याली. रातभर ह्येच डोक्यात. जेवतो बी आन् धुतो बी, दोनी खरं कसं आसंल? श्रावस्ती म्हनली, आई, गावात दुसरी खोली न्हाय, तू मनावर घिऊ नगस. न्हाय घेतलं. पर आठ दिस आदी तुमी चुना आनून ठिवला की म्या खिडकीचा पडदा वडून घ्यायचे."

मी आठ दिवस आधी चुना आणायचो. डबे पुसायचो, शर्टाला इस्त्री करायचो. मला तो सगळा आठवडा आठवला. तेरा आठवडे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले.

"तुमी इचारलं का न्हाई?" माझा आवाज चढला. राग त्यांच्यावर नव्हता, पण चढला. "बारा वर्षं! एकदा तरी इचारायचं की मला!"

"इचारायचं कसं आप्पा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी व्हय म्हनला आसता, तर ऱ्हायचं कुठं?"

बाहेर इंद्रजितने हॉर्न दिला. श्रावस्तीने हाक मारली, "आई, चल गं."

माझं पाच दिवसांचं वाक्य माझ्या तोंडात होतं. आता ते बोलायची ही वेळ नाही, हे समजण्याइतकी अक्कल मला होती. पण वेळ दुसरी उरलीच नव्हती. म्हणून मी त्यातलं जेवढं जमलं तेवढं बोललो. "तुमी ऱ्हावं असं मला वाटत व्हतं, बनाबाई. किरायदार म्हणून न्हाई. माझ्या घरात. आजबी वाटतंय."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझ्याकडे इतका वेळ त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"वकिलानं तुमाला पाच वर्सामागं सांगितलं म्हनला न्हवं?"

"व्हय."

"तवाच मला म्हनला आसता की खाली करायची गरज न्हाय, नुसतं जेवायला या, तर म्या आले आसते." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "त्या दिशी मला इचारता बी आलं आसतं."

त्या बाहेर पडल्या, बादलीला वळसा घालून गेल्या. फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "गोळ्या येळेवर घेत जावा." श्रावस्तीने मला वाकून नमस्कार केला, "आप्पा, घर बघायला यायचं हं," म्हणाली, आणि आईला हात देऊन टेम्पोत चढवलं. गाडी धाराशिवच्या रस्त्याला लागली.

शिवलिंग त्याच्या ओट्यावरून सगळं बघत होता. म्हणाला, "झाली का सोमलिंग खोली खाली? चला, कूळ लागलं न्हाई, बरं झालं."

मी किल्ली मुठीत धरून तसाच रस्त्यात उभा होतो. माझ्याच घरात बसून मला एक प्रश्न विचारायची ज्यांना भीती वाटत होती, त्या बाईंची मी बारा वर्षं वाट बघितली. खाली करायचे पाच दिवस मिळावेत म्हणून पाच वर्षं तोंड शिवून बसलो, आणि ते उघडलं असतं तर त्या रोज येऊ शकल्या असत्या. हे मला सांगितलं ते बनाबाईंनीच, जाता जाता, आणि त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता.

शिवलिंगने पुन्हा हाक मारली. मी त्याला म्हणालो, "कूळ लागायला पायजे व्हतं."